इलाहीमिस्त्रींची सांडशी

नवी इंजिनिअरिंगची डिग्री डोक्यात भिनलेली होती तेव्हाची गोष्ट. माझ्या शर्यतीच्या गाडीची चासी, म्हणजे खालचा सांगाडा, वळणावर पिळवटू नये म्हणून इलाहीमिस्त्री खालून आडवी पट्टी लावत होते, तीही स्टीलची! मी भर गॅरेजात ओरडलो, "अडाणी आहात का? ॲल्युमिनियम हलकं असतं!"

"पण ॲल्युमिनियमची पट्टी जाड लागते, तिला खाली जागा न्हाई, सायेब," म्हणत त्यांनी स्टोव्हवरून उकळत्या चहाचं पातेलं सांडशीनं उचललं. "पातेलं ॲल्युमिनियमचं. आन् सांडशी?"

"स्टीलची."

"एवढ्याच जाडीच्या ॲल्युमिनियमच्या सांडशीनं हे पातेलं तुमच्या पायांवर धरू?"

मी झटकन पाय मागे घेतले. सगळे हसले. मिस्त्री हसले नाहीत. पहिला कप त्यांनी मलाच दिला.