अमर्याद रजेच्या दोन अटी

अश्लेषाला आठ दिवस रजा हवी होती आणि कंपनीत रजा अमर्याद होती. पंचाईत तिथंच होती!

‘भुर्रकन’ ही पुण्यातली टेम्पो बोलावून देणारी कंपनी. ॲपवर बोट दाबलं की टेम्पो दारात. ऑफिसच्या भिंतीवर दोन हात उंच अक्षरांत लिहिलं होतं, ‘इथे रजा अमर्याद!’ नोकरीसाठी येणाऱ्याला ती भिंत आवर्जून दाखवत. तीन वर्षांत एकट्या धनंजयने ती मनावर घेतली. दहा दिवस कोकणात राहून परत आला, तर त्याच्या खुर्चीवर दुसराच बसलेला! “तुझ्यावाचून काही अडलंच नाही रे,” असं त्याला फार प्रेमाने सांगण्यात आलं. त्यानंतर भिंतीकडे कुणी पाहत नसे.

पण अश्लेषाच्या धाकट्या भावाचं लग्न होतं, कोरेगावला. एकुलती एक करवली हीच. आणि घराचा हप्ता हिच्या पगारावर चालायचा, त्यामुळे खुर्ची गमावूनही चालणार नव्हतं. गुरुवारी ती मालकांसमोर जाऊन उभी राहिली. ऑफिसात सगळ्यांना नुसत्या नावाने हाक मारायची असा नियम होता, म्हणून मालकांना सगळे अभिरामसर म्हणत.

“आठच दिवस?” अभिरामसर म्हणाले. “महिनाभर घे! आपल्याकडे अमर्याद आहे. फक्त दोन गोष्टी सिद्ध करून दाखव.”

“कोणत्या, सर?”

“पहिली, तू नसताना काम अडणार नाही. अडणार असेल तर मी तुला सोडू कसा?”

“आणि दुसरी?”

“काम अडत नसूनही तू कंपनीला हवीच आहेस. नको असशील तर खुर्ची कशाला अडवून ठेवायची?” सर स्वतःच्या हुशारीवर बेहद्द खूश झाले. “सोमवारच्या सभेत सांग. सगळ्यांसमोर!”

अश्लेषा जागेवर आली तेव्हा तिला रडूच येत होतं. कंपनीत मृणाल नावाची एक ‘आनंद अधिकारी’ होती. लोकांना आनंदात ठेवण्याचा तिला पगार मिळे. ती म्हणाली, “अगं सोप्पं आहे! तुला येतं ते सगळं लिहून काढ. कुणालाही तुझं काम करता आलं पाहिजे!”

“आणि कुणालाही करता आलं की मग मी कशाला?”

मृणालला एकदम दुसऱ्या कुणाला तरी आनंदात ठेवायची आठवण झाली आणि ती गेली.

तरी अश्लेषा लिहायला बसली. तिचं काम म्हणजे टेम्पोवाल्यांचे फोन घेणं. दिवसाला साठ फोन, आणि बहुतेक एकाच गोष्टीचे. माल उतरवला की चालकाने ॲपमधलं ‘पोचलो’ हे बटण दाबायचं. पण अभिरामसरांना आंघोळ करताना कल्पना सुचत. कधी बटण वर जाई, कधी खाली, कधी हिरव्याचं जांभळं होई.

लिहिता लिहिता फोन वाजलाच. “ताई, काल हितंच व्हतं की वो बटण! आज गावंना झालंय! मार्केट यार्डात मागं धा गाड्या बोंबलायल्यात!”

“दादा, उजव्या कोपऱ्यात बघा. जांभळं.”

“जांभळं? वांगी भरलीत व्हय आत?”

तिने त्याची समजूत काढली आणि जुन्या फोनांची नोंदवही उघडली, कधी कशाच्या तक्रारी आल्या ते बघायला. फेब्रुवारीच्या पानांवर तिचा हात थांबला. साठ फोनांच्या जागी चार, पाच, तीन. असे लागोपाठ अकरा दिवस! तिने त्या तारखा पुन्हा एकदा पाहिल्या आणि ती खुदकन हसली.

सोमवारची सभा उभ्याने व्हायची. उभं राहिलं की माणूस थोडक्यात आटपतो, असं अभिरामसरांनी परदेशात पाहिलं होतं. ते स्वतः तासभर बोलत, तेही बसून.

“हं अश्लेषा!” बोलून झाल्यावर ते म्हणाले. “तुझ्यावाचून काम अडतं की नाही?”

“नाही अडणार, सर. पण त्यासाठी एक करावं लागेल.”

“काय?”

“त्या आठ दिवसांत तुम्हीही रजा घ्यायची!”

सभेत कुणाला तरी ठसका लागला. अभिरामसरांच्या भुवया वर गेल्या. “मी? माझ्याशिवाय ही कंपनी एक दिवस तरी चालेल का?”

“अकरा दिवस चाललीय, सर! फेब्रुवारीत तुम्ही डोंगरात मौन पाळायला गेला होतात. फोन बंद, आंघोळ थंड पाण्याची. त्या अकरा दिवसांत बटण जागचं हललं नाही. टेम्पो वेळेवर पोचले आणि मी अक्षरशः माशा मारत बसले होते. तुम्ही नसलात की माझ्यावाचून काही अडत नाही. ही झाली पहिली गोष्ट.”

“आणि दुसरी?” सरांचा आवाज जरा बारीक झाला होता.

“बाराव्या दिवशी तुम्ही आलात. दुपारपर्यंत बटण जांभळं! संध्याकाळपर्यंत सत्तर फोन! म्हणजे तुम्ही ऑफिसात आहात, तोवर मी हवीच आहे. माझी खुर्ची काढायची असेल, तर आधी तुमची काढावी लागेल!”

मृणालने डोळे मिटून घेतले. अभिरामसरांनी आपल्या खुर्चीकडे पाहिलं, मग उभ्या असलेल्या चाळीस जणांकडे पाहिलं आणि एकाएकी असे खदाखदा हसले की डोळ्यांतून पाणी आलं.

“मंजूर! आठ दिवस मंजूर! तुझी खुर्ची पक्की. आणि आजपासून ॲपमधलं काहीही हलवायचं तर आधी तुझी परवानगी. माझ्यासकट सगळ्यांना!”

“आणि तुमची रजा, सर?”

“घेतो बाई, तीही घेतो! आठ दिवस!”

असा टाळ्यांचा कडकडाट ‘भुर्रकन’मध्ये कधी झाला नव्हता. करवली खूश होऊन हात जोडत होती, पण टाळ्या दुसऱ्याच रजेसाठी होत्या.