शनीचा वापरलेला उजेड

माझे संपूर्ण नाव यशवंत धोंडिबा कासले, वय वर्षे एकोणऐंशी. शिक्षण चौथीपर्यंत, पुढील खगोलशास्त्र मी ग्रंथालयात बसून स्वतः आत्मसात केले.

नजर मंदावल्यामुळे दुर्बीण सुटली. तेव्हा ग्रहांची छायाचित्रे काढताना कॅमेऱ्यापुढे लावावयाचा माझा लाल फिल्टर विकून वाचनासाठी मोठे भिंग घ्यावे, असे मी ठरविले. बार्शीच्या आमच्या आकाशप्रेमी मंडळाच्या वार्षिक विक्रीत मी तो मांडला. तो ठेवलेली डबी मात्र तपकिरीची होती.

अध्यक्ष तात्यासाहेब रणभोर यांनी डबी उघडून नाकाशी धरली, तीनदा शिंकले आणि म्हणाले, "कासले, उचला हे. आमच्या मंडळात दुसऱ्याने वापरून टाकलेल्या वस्तूला जागा नाही."

"हा नियम सर्वांना लागू आहे ना?"

"अर्थात. मलासुद्धा."

मी काठीने भिंतीकडे निर्देश केला. तेथे तात्यासाहेबांनी टिपलेले शनीचे छायाचित्र सोनेरी चौकटीत, हार घालून विराजमान होते.

"मग प्रथम तो शनी उतरवा, तात्यासाहेब. त्याला स्वतःचा उजेड नाही. सूर्याचा उजेड त्याने वापरून टाकला, आणि तोच तासाभराने शिळा होऊन येथे पोचल्यावर आपण टिपलात. माझा फिल्टर निदान झाकून तरी ठेवला होता."

सभागृह हसले. तात्यासाहेबांनी चौथी शिंक आवरली आणि हळूच विचारले, "केवढ्याला देता?"

तेव्हापासून मंडळाच्या विक्रीत वापरलेल्या वस्तूंचे वेगळे टेबल असते, आणि मी बारीक टाइपाची पुस्तके पुन्हा वाचतो.