नाव नसलेलं बाक

शहरातल्या बागा नव्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट. एका बागेतल्या प्रत्येक दगडी बाकाच्या पाठीवर कुणा ना कुणा कैलासवासी गृहस्थाचं नाव कोरलेलं होतं. एक दिवस तिथे मोडक्या होडीच्या फळ्यांचं, होडीच्याच आकाराचं बाक आलं.

"कुणाच्या घरचं रे तू?" टिपणीसांच्या बाकाने दरडावलं. "पाठीवर नाव कसं नाही? चोरीचं दिसतंय!"

मग दगडी बाकं येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या कानाशी कुजबुजू लागली, "तिथे बसू नका, उलटेल." आठवडाभर तिकडे कुणी फिरकलं नाही. आजही कुणी बसलं नाही, तर माळी त्याचं सरपण करणार होता.

दुपारी कैलासवासी टिपणीसांच्या पत्नी माई आल्या. होडीच्या पाठीवरून त्यांनी हात फिरवला. 'ह्याही नावच शोधतायत,' असं वाटून होडीचं बाक धास्तावलं.

"माई, इकडे या!" दगडी बाक ओरडलं. "इथे तुमच्या यजमानांचं नाव आहे!"

"म्हणूनच येत नाही," माई म्हणाल्या. "चाळीस वर्षं संसारात त्याच नावाला टेकून बसले. पाठ अवघडली माझी."

आणि चपला काढून, पाय वर घेऊन त्या होडीत आडव्या झाल्या.