तिसऱ्या सलामानंतर

एकदा एका खाडीकाठच्या गावात एक तरुण मुलगी एका बंद दारापाशी उभी राहिली. तिने 'अस्सलामु अलैकुम' म्हणून सलाम केला, आणि आत चाललेलं शिलाई मशीन थांबलं.

एवढंच झालं. मशीन थांबलं, पण पावलं वाजली नाहीत, 'कोण आहे?' म्हणून कुणी विचारलं नाही. टीप अर्ध्यावर असताना कुणीतरी चाक हाताने धरून ठेवावं, तसं ते थांबलं होतं.

मुलीचं नाव रुमाना. बी.कॉम. झालेली, कामाला चोख, पण स्वभावाने भित्री. शेजारच्या घरी कुकरची शिट्टी झाली तरी हिच्या हातातली बशी वाजायची. गावच्या मशिदीला लागून एक खोली होती, तिथे बैतुलमालचं काम चाले. गावातल्या सधन माणसांची जकात, म्हणजे संपत्तीतून दरवर्षी गरिबांसाठी काढायचा ठरावीक हिस्सा, तिथे जमा व्हायची आणि गरजूंच्या घरी पोचायची. चाळीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेले एक वृद्ध मास्तर ते काम पाहत, आणि रुमाना त्यांच्या हाताखाली शिकत होती. पहिल्याच दिवशी मास्तर तिला म्हणाले होते, "हिशेब तुला कॉलेजाने शिकवलाय. पोचवायचं कसं, ते इथे शीक." पोचवण्यात शिकण्यासारखं काय असतं, हे तिला तेव्हा कळलं नव्हतं. पोस्टमनसुद्धा पोचवतो, असं तिच्या मनात आलं होतं.

त्या मंगळवारी तिच्या पर्समध्ये एक पाकीट होतं. हे घर जुलेखाबींचं. नवरा वारल्यापासून त्या कपडे शिवून दिवस काढत होत्या. त्यांची मुलगी नाझनीन हिला तालुक्याच्या नर्सिंग कॉलेजात जागा मिळाली होती. गुरुवारी दुपारी दोनपर्यंत फी भरली तर जागा तिची, नाही तर यादीतल्या पुढच्या मुलीची. पाकिटात बरोबर तेवढी रक्कम होती.

रुमानाने दुसरा सलाम केला आणि लागलीच तिसरा. तिन्ही एका दमात उरकले. उत्तर नाही. तेवढ्यात पाठीमागून एक मोटरसायकल फटफटत गेली. ती दचकली, आणि दचकलेल्या माणसाचा आवाज चढतो तसा तिचाही चढला.

"जुलेखाबी, बैतुलमालमधून आलेय. नाझनीनच्या फीचे पैसे आणलेत. दार उघडा."

समोरच्या ओसरीवर सुकट निवडत बसलेल्या म्हातारीने मान वर केली. कडेच्या घराची खिडकी उघडली. जुलेखाबींचं दार मात्र लागलेलंच राहिलं.

रुमाना परत आली आणि मास्तरांना म्हणाली, "घरी कुणी नव्हतं."

"सलाम केलास?"

"तीनदा केला."

हे खरं होतं, पण अर्धं. उरलेलं अर्धं तिने गिळून टाकलं. मास्तरांनी चष्मा पुसला.

"उद्या मीही येतो. पण हाक तू द्यायचीस. एकट्या बाईचं घर आहे, माझा आवाज तिथे शोभणार नाही."

बुधवारी असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजानंतर दोघं निघाले. दारापाशी पोचताच मास्तर बाजूला सरकले आणि गल्लीकडे तोंड करून भिंतीशी उभे राहिले. रुमाना दाराच्या अगदी समोर उभी होती. त्यांनी तिलाही हाताने बाजूला बोलावलं.

"समोर उभं राहिलं, की दार उघडताक्षणी नजर आत जाते. आणि नजर आत गेली, मग माणूस बाहेर उभा राहून उपयोग काय?"

रुमानाने सलाम केला. दाराखालच्या फटीत उजेड होता, त्यात एक सावली हलली आणि स्थिर झाली. तिने लगेच दुसऱ्यांदा तोंड उघडलं, तशी मास्तरांनी बोट वर केलं.

"चार रकात नमाज होईल इतका वेळ जाऊ दे. मधला वेळ घरातल्याचा असतो."

चार रकात म्हणजे पाच-सहा मिनिटं. रिकाम्या हातांनी उभं राहायचं तर पाच मिनिटं फार मोठी असतात. खिडकीच्या झडपेला बोटभर फट होती. रुमानाची मान आपोआप तिकडे वळली. मास्तर हलकेच खाकरले, मान परत आली.

दुसरा सलाम झाला. समोरच्या म्हातारीला आता राहवेना.

"अगो, ती आतच हाय. सकाळपासून उंबरा ओलांडला नाय तिने. ढकल ना दार, कडीपण लावलेली नसेल."

रुमाना गल्लीकडेच पाहत राहिली.

"आज तोंडात मिठाची गुळणी धरलीस का? काल तर एवढी ओरडलीस. फीचे पैसे आणलेत, फीचे पैसे आणलेत. माझ्या बहिऱ्या दादल्यालापण ऐकू आलं."

रुमानाच्या कानांच्या पाळ्या तापल्या. मास्तरांनी तिच्याकडे एकदा पाहिलं. एकदाच. मग ते म्हातारीला म्हणाले, "ती घरात आहे हे मलाही कळतंय, खाला. पण आमच्यासाठी घरात नाही."

"हे असलं काय ते तुमचं मास्तरकीतलं," म्हणत म्हातारी पुन्हा सुकटीकडे वळली.

मधला वेळ गेला. रुमानाने तिसरा सलाम केला. दाराखालची सावली हलली नाही. मास्तरांनी आणखी थोडा वेळ जाऊ दिला आणि चपला सरळ केल्या.

"चल."

"मास्तर, उद्या शेवटचा दिवस आहे."

"ठाऊक आहे."

"पाकीट खालून सरकवते. त्या आतच आहेत, घेतील."

"नको."

"मग आपणच कॉलेजात जाऊन भरू. पावती आणून देऊ."

"तेही नको," मास्तर म्हणाले, आणि खरोखरच निघाले. हातात मदत, दाराआड गरजू बाई, मध्ये एक दार, तेही बहुधा कडी न लावलेलं. आणि हा शहाणा म्हातारा पाठ फिरवून चालला होता. रुमाना त्यांच्या मागून चालत राहिली. तिला रडू येत होतं, आणि रागही येत होता. त्यातला मास्तरांवरचा किती आणि स्वतःवरचा किती, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

खोलीत एक व्यापारी येऊन बसला होता. सिमेंट-पत्र्यांचं मोठं दुकान होतं त्याचं. पाकिटातली रक्कम त्याच्याच जकातीतली.

"पोचले का, मास्तर?"

"नाही, शेठ. दार उघडलं नाही."

"मग दुसऱ्या कुणाला द्या. घेणाऱ्यांची काय कमी आहे? द्यायला गेलं तर दार लावून घेतात, हे नवीनच. मागच्या रमजानात मी धान्य वाटलं, तेव्हा हीच बाई रांगेत होती. खोटं वाटतं तर दाखवतो." त्याने मोबाईल काढून पुढे धरला. फोटोत मधोमध शेठ हसत उभे होते. तांदळाच्या पिशवीचं एक टोक त्यांच्या हातात, दुसरं जुलेखाबींच्या. जुलेखाबींची मान खाली होती. मागे नाझनीन शाळेच्या गणवेशात उभी होती. तिने चेहऱ्यापुढे वही धरली होती.

"जमातीच्या ग्रुपवर टाकला होता. अडीचशे माणसं आहेत. तेवढंच बघून बाकीच्यांना द्यावंसं वाटतं."

मास्तर फोटोकडे बराच वेळ पाहत राहिले.

"शेठ, सिमेंटच्या कंपनीचं बिल तुम्ही चुकतं करता. तेव्हा कंपनीच्या माणसाला चेकचं एक टोक धरायला लावून फोटो काढता का?"

शेठ हसले. "काहीतरीच काय. ते देणं असतं. हा दानधर्म."

"दानधर्म वेगळा. तो मनात आलं तर करावा, नाही आलं तर राहू द्यावा. जकात हे देणं आहे. तुमच्या मालावर वर्ष पूर्ण झालं, त्या दिवशी त्यातला चाळिसावा हिस्सा तुमचा राहिला नाही. तो ज्याचा, त्याच्याकडे पोचायचा तेवढा राहिला. म्हणजे त्या गल्लीत देणेकरी कोण आणि धनको कोण, ते पाहा."

शेठनी मोबाईल खिशात टाकला. उठताना म्हणाले, "तुमच्याशी बोलण्यात कोण जिंकलंय? पण पोरीची जागा गेली, तर मी पैसे वेळेवर दिले होते हे लक्षात असू द्या."

"असेल," मास्तर म्हणाले.

शेठ गेले. रुमानाने पाकीट मेजावर ठेवलं.

"मास्तर, मी काल तुम्हाला सगळं सांगितलं नाही."

"आज ऐकलं मी."

"त्या फोटोमुळे त्या आधीच दुखावलेल्या असणार. त्यात मी गल्लीत ओरडले. माझ्यामुळे नाझनीनची जागा गेली तर..."

मास्तरांनी माठातलं पाणी पेल्यात घेऊन तिच्यापुढे ठेवलं, आणि ती ते पिईपर्यंत थांबले. मग सावकाश बोलू लागले.

"हे बघ बेटा, तीन सलाम म्हणजे आपल्याला मिळालेल्या तीन संधी, असं तू धरून चाललीस. ते तीन प्रश्न आहेत. 'येऊ का?' असा प्रश्न. आणि ज्याला प्रश्न विचारला, त्याला 'नको' म्हणण्याची मुभा असते. 'नको' आलं तर मनात अढी न ठेवता मागे फिरावं, अशी आपली शिकवण आहे. श्रीमंताच्या दारावर आपण ती बरोबर पाळतो. शेठ झोपलेत म्हटलं की मुकाट्याने परत येतो. गरिबाच्या दारावर मात्र आपल्या हातात पाकीट असतं, मग आपल्याला वाटतं, आता हिला 'नको' म्हणायचा अधिकारच उरला नाही.

"पाकीट फटीतून सरकवलं असतंस आणि तिला ते नको असतं, तर परत करायला तिला सगळ्या मोहल्ल्यादेखत इथवर यावं लागलं असतं. कॉलेजात परस्पर भरलं असतं, तर जकात तिच्या हाती आलीच नसती. जकात घेणाऱ्याच्या मालकीची व्हावी लागते. ती घेणार की नाही, घेऊन काय करणार, हे तिने ठरवायचं. आपण तिचंच तिला द्यायला जातो, रुमाना. तेही उशिरा. मग दारात उभं कसं राहायचं, ते तूच ठरव."

"पण आपण परत फिरलो, त्याने काय साधलं?"

"ते मला ठाऊक नाही. एवढं मात्र खरं, की बाहेर कुणीतरी दार ढकल म्हणालं, ते तिने आतून ऐकलं असेल. आणि दार ढकललं गेलं नाही, हेही."

रुमानाने रिकामा पेला मेजावर ठेवला. "आणि उद्या उघडलंच नाही तर?"

"तर पोरीचं वर्ष जाईल. फार वाईट होईल. मला रात्रभर झोप लागणार नाही." मास्तर थांबले. "पण दार मी तरीही ढकलणार नाही."

गुरुवारी सकाळी रुमाना एकटी निघाली. मास्तरांनी सोबत येऊ का म्हणून विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "ओरडले मी होते." तालुक्याची एसटी सव्वाअकराला होती. ती चुकली तर पुढची दीडला, आणि ती काही दोनच्या आत पोचवत नव्हती. रुमाना दारापाशी पोचली तेव्हा दहा वाजून वीस मिनिटं झाली होती.

ती बाजूला उभी राहिली, गल्लीकडे तोंड करून.

"अस्सलामु अलैकुम. मी रुमाना. होडीवाल्या इस्माईलची मुलगी."

बैतुलमालचं नाव तिने घेतलं नाही. कामही सांगितलं नाही. समोरच्या म्हातारीने ओसरीवरून विचारलं, "आज परत? काय आणलंस आज?"

"काही नाही खाला. भेटायला आलेय."

म्हातारीची निराशा झाली. ती आत चहा ठेवायला गेली.

रुमानाने मनातल्या मनात चार रकात सुरू केल्या. एरवी तिची नमाज परीक्षेच्या पेपरासारखी व्हायची, वेळ संपेल या धास्तीने भराभर. आज ती कुराणातली एकेक आयत शेवटापर्यंत म्हणत गेली. मध्ये कुठेतरी पत्र्यावर काहीतरी धाडकन पडलं. ती दचकली, थांबली, आणि जिथे राहिलं होतं तिथून पुन्हा म्हणू लागली.

दुसरा सलाम केला. मग दाराच्या चौकटीपाशी तोंड नेऊन, फक्त आत ऐकू जाईल इतक्या आवाजात ती म्हणाली, "परवा मी गल्लीत ओरडले. चुकलं माझं. त्याची माफी मागायची होती. ती ऐकायला दार उघडलंच पाहिजे असं नाही."

आणखी चार रकात झाल्या. पावणेअकरा वाजून गेले. कॉलेजातली यादी तिच्या डोळ्यांपुढे येत होती. तिच्यातलं एक नाव खोडून त्याखालच्या नावापुढे टिक होताना दिसत होती. हात दाराकडे जाऊ नये म्हणून तिने पर्सचा पट्टा दोन्ही हातांनी धरला.

"अस्सलामु अलैकुम," ती तिसऱ्यांदा म्हणाली. या वेळी आवाज चढला नाही, कापलाही नाही.

ती थांबली. मास्तर थांबले होते त्याहून थोडी जास्तच. उत्तर आलं नाही. मग तिने मनाशी मान्य केलं, की हेही उत्तरच आहे. डोळे भरून आले होते, ते तिने मनगटाने पुसले, वळली, आणि गल्लीत पहिलं पाऊल टाकलं.

"वालेकुम सलाम," आतून आवाज आला. "थांब गो जरा. ओढणी घेते."