गारठी आणि येसूची पहिली पिल्लं

सरका रे जरा, मला टेकायला जागा द्या. मंजुळे, तू इकडे ये. हं, आता ऐका.

एकदा काय झालं, एका उंच माळावर एक घर होतं. एकच घर, बरं का. शेजार नाही, पाजार नाही. त्यात येसू राहायची आणि तिचा नवरा धाकू. माळावर गवत होतं, झरा होता, सगळं होतं. पण तिथं गारठीही राहायची. गारठी म्हणजे कोण? एक म्हातारी. ती कुणाला दिसायची नाही, नुसती यायची. ती आली की चुलीतला निखारा काळा पडायचा. आणि घरात जे काही लहानगं असेल, ते निजल्या जागी गार होऊन जायचं.

येसूची दोन लेकरं अशीच गेली. आधी मुलगा, मग मुलगी. मुलगी तर नुकती कुठं हसायला लागली होती.

मग येसू बोलेनाशी झाली. भाकरी थापायला बसली की थापतच राहायची. तव्यावर टाकायचं भानच नसायचं. धाकू बिचारा एकदा भीत भीत म्हणाला, "येसू, आपण कोंबडीची पिल्लं करू. आपल्या घरात आजवर एक पिल्लू चिवचिवलं नाही. ती जगली, तर पुढचं बघू."

येसू म्हणाली, "आणि मेली तर?"

धाकू उठला, टोपली घेतली आणि घाट उतरला. येसूच्या माहेरी गेला. तिथून अंड्यांवर बसायला आलेली एक खुडूक कोंबडी आणली आणि भुशात घालून अंडी आणली. मग येसू उठली. तिनं चुलीजवळचा कोपरा सारवला. पाटीत राख पसरली, वर मऊ पेंढा घातला, मधे हातानं खळगा केला. कोंबडी बसली. येसूनं जात्याखालची कणी निवडून ठेवली. बारीक, पिल्लांच्या चोचीत मावेल अशी.

मग एका सकाळी पिल्लं निघाली. कुणी पिवळं, कुणी तांबूस. येसूनं एक तळहातावर घेतलं. काडीएवढे पाय त्याचे! ते तिच्या बोटाला टोचायला लागलं. येसूच्या ओठाचा कोपरा जरासा हलला. धाकूनं ते पाहिलं.

दुसऱ्या दिवशी उजाडलं, तर सगळी गार. कोंबडी आपली एकेकाला चोचीनं ढोसतेय. ऊठ रे, ऊठ.

मग धाकूनं पुन्हा अंडी आणली. या खेपेला येसूनं भिंतीतली फट न् फट चिखलानं लिंपली. दाराच्या उंबऱ्याला चिंध्या कोंबल्या. धाकूनं दाराला धोंडा लावला. पण गारठीच ती! कौलातून आली. पिल्लं गेली, आणि पंख पसरून त्यांच्यावर बसलेली कोंबडीही गेली.

येसूनं रिकामी पाटी बाहेर फेकली. म्हणाली, "आता पुन्हा काही आणू नका. माझ्या हाताला यश नाही." आणि भिंतीकडे तोंड करून जी निजली, ती उठेचना.

मग काय झालं, खालच्या रानात वणवा लागला. धाकू विझवायला गेला. करवंदीच्या जाळीत त्याला एक रानकोंबडी दिसली. आग आली तरी ती अंड्यांवरून उठली नव्हती. ती मेली होती, पण तिच्या पोटाखालची अंडी अजून ऊन होती. धाकूनं ती मुंडाशात गुंडाळली आणि धावत घरी आणली.

येसू ओरडली, "कशाला आणलीत? मारायलाच ना?"

धाकूनं नुसतं एक अंडं तिच्या कानाला लावलं. आत टक्, टक्. पिल्लू कवच फोडत होतं.

मग, बाळांनो, येसूला ते खाली ठेववेना. तिनं सगळी अंडी ओच्यात घेतली, पोटाशी धरली आणि चुलीपुढे वाकून बसली. धाकू लाकडं आणायला गेला. दार सताड उघडं. दार लावून कधी काय झालं होतं? भर दुपार होती. एवढ्यात निखारा काळा पडला.

येसूनं मान वर केली. दारात म्हातारी उभी, आज पहिल्यांदाच दिसली. ओठ निळे, केस ओले, हाडं मोजून घ्यावीत अशी.

"बाई, जरा ऊब देतेस?"

येसूनं ओचा पोटाशी धरला. "माझी लेकरं तूच नेलीस ना गं?"

"नेली नाहीत. मांडीवर घेतली," म्हातारी म्हणाली. "किती ऊन ऊन होती! पण मी घेतलं की ती गप्पच होतात. असं का होतं, मला कळत नाही."

येसूनं चुलीतलं लाकूड उचललं. तिला वाटलं, हाणावं. पण म्हातारी हललीही नाही, नुसती कुडकुडत राहिली. येसूला रडूच फुटलं. लाकूड हातातून गळून पडलं. ती म्हणाली, "ओच्याला हात लावायचा नाही. पाठीला टेक माझ्या. तिथं असेल तेवढी ऊब घे."

गारठी टेकली. बाई गं! येसूची पाठ दगड झाली. दातांवर दात आपटायला लागले. धाकू आला, बघतो तर हे! त्यानं लाकडं सारून चूल पुन्हा पेटवली, कढत पेज तिच्या तोंडाला लावली, तिचे पाय चोळले. "सोड, येसू, मरशील!" येसू मान हलवून नाही म्हणाली. पुढं पोटाशी अंडी, मागं पाठीशी गारठी. ऊन कलेपर्यंत ती तशीच बसली.

मग मागनं घोरण्याचा आवाज आला. गारठीला झोप लागली होती. जन्मात पहिल्यांदा! आणि झोपेतच ती पाणी झाली, उंबऱ्यावरून ओघळली आणि मातीत मुरून गेली.

आणि येसूच्या ओच्यात काहीतरी चिवचिवलं. मग दुसरं. मग तिसरं.

ती पिल्लं जगली. येसूनंच त्यांना कणी भरवली, ओच्यात घेऊन हिंडवली. पुढं पंख फुटल्यावर काही रानात गेली, काही कौलावर राहिली.

काय गं मंजुळे? तिची ती दोन लेकरं? नाही गं, ती परत आली नाहीत. येसूची पाठही सरळ झाली नाही कधी. पण पुढच्या साली तिला मुलगी झाली. ती रांगली, चालली, माळभर पळाली. मग खालची माणसंही वर राहायला आली. सगळे पोटभर जेवले, गाढ झोपले. आता तुम्हीही डोळे मिटा. मी आहे इथंच.