काटा, स्टेपनी आणि एक वीत

"मग काटा खोटं बोलला का, उस्ताद?"

जोतिबा नलवड्याने नारळ पुढे ठेवला आणि हेच पहिलं विचारलं. त्याला गाडी शिकवली ती यासीन उस्तादांनी. आता ते घाटाच्या पायथ्याशी टायरचं दुकान चालवत.

काल घाटात जोतिबाची जीप कठड्याला घासून थांबली होती. आत पाच माणसं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

त्या वळणावर चाळीसच्या वर जायचं नाही, ही उस्तादांचीच शिकवण. बारा वर्षं त्याने ती पाळली होती, आणि भेटेल त्याला सांगतही होता. वेगाचा काटा कालही वळण येईपर्यंत चाळीसवरच होता.

उस्तादांनी जीपकडे पाहिलं. महिन्यापूर्वी जोतिबाने तिला मोठे टायर चढवले होते. रुबाबासाठी. विचारायला कुणाकडे गेला नव्हता.

"स्टेपनी जुनीच आहे?"

"जुनीच."

उस्तादांनी जीपच्या चाकावर खडूने खूण केली, तशीच खाली जमिनीवर. दोघांनी जीप ढकलली. चाकाची एक फेरी झाली तिथे दुसरी खूण पडली.

मग पहिल्या खुणेपासून स्टेपनी एक फेरी फिरवली. ती वीतभर अलीकडेच राहिली.

जोतिबा खाली बसून ती वीत बघत राहिला...

"काटा चाकाच्या फेऱ्या मोजतो," उस्ताद म्हणाले. "तू चाक मोठं केलंस, हे त्याला कुणी सांगितलं?"

म्हणजे काटा चाळीसवर असताना गाडी पंचेचाळीसच्या आसपास होती. भरलेली गाडी, आणि ते वळण.

"तरी वाचलो," जोतिबा डोळे पुसत म्हणाला. "तुमच्या शिकवणीनं वाचलो, उस्ताद."

"वळणाआधी काय झालं?"

जोतिबा घुटमळला. मागच्या सीटवरून सखूआत्या ओरडत होती, गाडी लई पळतीया म्हणून. आत्याला आकडे वाचता येत नाहीत. तरी मागं वळून काटा दाखवावा आणि तिला गप्प करावं म्हणून त्याने वेग जरा कमी केला, तेवढ्यात वळण आलं.

"...म्हणजे तिच्यामुळं पाय उचलला गेला."

उस्तादांनी नारळ उचलून जोतिबाच्या हातात परत दिला.

"हा आत्याला दे. आणि टायर बदलेपर्यंत तिला पुढं बसव."