केंजळ्यांचं माशांचं वेळापत्रक

"ते सगळं खरं, बाबा, पण गर्दी नसलेला ओढा कुठला, तेवढं सांगा ना."

केंजळ्यांनी हे तिसऱ्यांदा विचारलं. दस्तगीरबाबांनी आणखी एक शेंग फोडली.

धरणाच्या तलावाकाठी जांभळाच्या झाडाखाली एक लांबलचक ओटा आहे. बाबा तिथं बसतात. फकीर माणूस, गळाला जन्मात हात लावलेला नाही. पण तलावातला मासा कुठल्या ओढ्यात चढणार, हे त्यांना विचारल्याशिवाय पंचक्रोशीत कुणी गळ टाकत नाही. का, ते विचारू नका. रिवाज पडला तो पडला.

केंजळे शहरातले. एसटीच्या गाड्यांची वेळापत्रकं आखण्यात चौतीस वर्षं घालवून निवृत्त झालेले. आता असा माणूस मासे धरायला निघाला, तर सवय घरी ठेवून थोडाच येणार? त्यांनी मांडीवर भलामोठा कागद पसरला होता. तलावाला मिळणारे पाचही ओढे, कुठल्या वारी कुठं किती माणसं असतात, सगळं तीन रंगांच्या पेनांनी मांडलेलं.

"हे बघा. भादव्यात महाशीर मासा तलावातून ओढ्यात चढतो. बरोबर?"

"चढतो."

"पहिली खेप सकाळी सहा दहाला."

"कुणाची?"

"माशांची."

बाबांनी कागदाकडे पाहिलं. मग तलावाकडे पाहिलं.

"त्यास्नी कळवलंय का?"

केंजळ्यांची कानशिलं तापली. आख्ख्या विभागात त्यांच्या वेळापत्रकावर बोट ठेवायची कुणाची छाती नव्हती, आणि हा म्हातारा शेंगा खात थट्टा करतोय.

"थट्टा नको, बाबा. मला एकच सकाळ मिळणार आहे. उद्याची."

"उद्या शनवार."

"म्हणून तर आलो ना तुमच्याकडे. मुलगा येतोय, कौस्तुभ. आज संध्याकाळी पोचेल. कॅनडात असतो. रविवार नातेवाइकांत जाणार, सोमवारी परत, पुढची रजा तीन वर्षांनी."

"त्याला मासे आवडत्यात?"

"त्याला तिकडे गळाचा नाद लागलाय म्हणे. तिथंही मोठ्या तळ्यातले ट्राउट मासे ओढ्यांत चढतात, म्हणे. थंडीत बर्फात उभा राहतो, म्हणे."

"म्हणे?"

केंजळ्यांनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.

"म्हणजे… त्याच्या आईनं सांगितलं."

"तुमच्याशी बोलत न्हाई व्हय?"

"बोलतो की. दर रविवारी फोन असतो. मी म्हणतो, कसा आहेस. तो म्हणतो, बरा आहे. मी म्हणतो, थांब, आईला देतो."

…

"भांडान झालंय?"

"छे हो. भांडायला तरी बोलावं लागतं."

हे बोलून गेल्यावर केंजळ्यांना स्वतःचंच वाईट वाटलं. खरं सांगायचं तर त्यांना धास्ती बसली होती. पोरगा शेजारी येऊन उभा राहील आणि आपल्याला बोलायला काही सुचणार नाही, ही धास्ती. त्यापायीच गेले तीन आठवडे ते ओढे मोजत फिरत होते. कागद नीट असला की बाकीचं होईल, असं त्यांना वाटत होतं.

"मग उद्याचं कसं ठरवलंय?" बाबांनी विचारलं.

हा प्रश्न केंजळ्यांच्या आवडीचा. त्यांचा आवाज लगेच चढला.

"पाच वाजता निघायचं. ओढ्यावर पोचलं की मी खालच्या डोहाशी, तो वरच्या डोहाशी. मध्ये ऐंशी पावलं. म्हणजे दोरे गुंतायला नकोत."

"ऐंशी."

"मोजलीत मी. काही लागलं तर शिट्टी. एक शिट्टी म्हणजे मासा लागला. दोन म्हणजे जाळी घेऊन ये. तीन म्हणजे निघूया."

"आणि च्या?"

"दोन थर्मास घेतलेत, वेगवेगळे. चहासाठी कुणाला जागेवरून उठायला नको."

दस्तगीरबाबा शेंग फोडायचे थांबले. हातातला दाणा तसाच हातात राहिला.

"झ्याक," ते म्हणाले. "लई झ्याक केलंय."

केंजळे खूश झाले. कौतुक झालं की माणूस मऊ पडतो, त्यात निवृत्त माणूस तर फारच.

"मग सांगा ना. आहे असा ओढा?"

"हाय की. टेकडीमागचा. तिथं चिटपाखरू नसतं."

केंजळ्यांनी हिरव्या पेनानं टेकडीमागचा ओढा गोल केला. त्यांना अगदी हलकं वाटलं. नमस्कार करून उठावं, म्हणून त्यांनी कागदाची घडी घालायला घेतली.

तेवढ्यात बाबा जागचे हलले आणि केंजळ्यांना खेटून बसले.

आता ओटा चांगला दहा माणसं आडवी होतील एवढा. केंजळे भलेपणानं थोडे सरकले.

बाबाही सरकले.

म्हाताऱ्याला पाठीमागून ऊन लागत असेल, असं समजून केंजळे आणखी सरकले. बाबा पुन्हा येऊन खेटले. खांद्याला खांदा, गुडघ्याला गुडघा. अंगाला लोबानाचा आणि शेंगांचा वास. दोघंही समोर तलावाकडे बघत होते, जणू काही चाललेलंच नाही.

केंजळे सरकले. बाबा सरकले.

…

असं करत करत केंजळे ओट्याच्या टोकाला आले. अर्धं अंग बाहेर. कागद एका हातात, दुसऱ्या हातानं ओट्याची कड धरलेली. चौतीस वर्षांत त्यांना इतकं अवघडल्यासारखं कधी झालं नव्हतं.

"अहो बाबा," ते शेवटी म्हणाले, "एवढा मोठा ओटा मोकळा पडलाय की."

"पडलाय. म्हणून तर तुमास्नी एवढं लांब सरकता आलं."



तलावावरून वारा आला, कागदाचं एक टोक फडफडलं. हिरवा गोल दिसला. त्याच्या खाली त्यांनी स्वतःच्या नेटक्या अक्षरात लिहिलं होतं, 'अंतर ऐंशी पावले'. केंजळे ते वाचत राहिले. वाचता वाचता त्यांचे डोळे भरून आले, आणि ते त्यांना मुळीच आवडलं नाही.

"मग कुठं जाऊ?" त्यांनी विचारलं. आवाज बारीक निघाला.

"पुलाखालच्या ओढ्यावर."

केंजळ्यांनी दचकून कागद उघडला. पुलाखालचा ओढा त्यांनी लाल पेनानं खोडला होता. एकदा नाही, तीनदा.

"शनिवारी? अहो, तिथं अर्धा तालुका लोटतो. एकाचा गळ दुसऱ्याच्या टोपीत अडकतो. मी स्वतः बघितलंय, कोण कुणाच्या डब्यातलं खातोय त्याचा पत्ता लागत नाही."

"लागत न्हाई."

"तिथं शिट्टी कुणाला ऐकू जाणार?"

"कुणाला न्हाई."

"तिथं आम्हा दोघांना मिळून एक दगड मिळेल, बाबा. एकच. तोही शेवाळलेला. जरा कुणाचा धक्का लागला, तर पोरगा माझ्या अंगावर पडायचा."

दस्तगीरबाबांनी हातातला दाणा तोंडात टाकला.

"पडला तर धरा."